सात मिरच्या आणि न आलेला ठसका

नजर लागणं वगैरे प्रकारावर माझा काडीचा विश्वास नव्हता; आजही नाही. माझी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्याची. काटा बरोबर असतो किंवा चूक... तिसरं काही नसतं. तरीही हे लिहितोय.

माझी बायको मंगल हिला चार वर्षांपासून कॅन्सर आहे. तो जाणार नाही, पण रोजच्या एका गोळीनं आटोक्यात आहे. बीपीसारखा सांभाळायचा, असं डॉक्टर म्हणतात. गोळीनं तोंडात फोड येतात, हाच त्रास.

गेल्या मार्चमधला रविवार, सकाळचे अकरा. तिची थोरली बहीण, अक्का, लासूर स्टेशनहून आमच्या सिडकोतल्या घरी आलेली. मी आंघोळ करून आलो तर दहा बाय आठच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद! मीठ, मोहरी, तीन वाटा मिळतात तिथली माती आणि सात सुक्या मिरच्या अक्का मंगलवरून उतरवत होत्या.

"थुंक तीनदा."

मंगल थुंकली. तांबूस, चिकट लाळ मिरच्यांवरून लोंबली. अक्कांनी ते सगळं भाकरीच्या तव्यावर टाकलं.

"अक्का, तिला धूळ-धूर वर्ज्य आहे. काय घाण चालवलीय ही?"

"घाण म्हणं! दाजी, तुमी काटे तपासा."

मिरच्यांचा कोळसा झाला. धुरानं भिंत दिसेना, पण ठसका... तिघांपैकी एकालाही नाही. नुसता थुंकी जळाल्याचा वास.

"बघ, नजरच व्हती! त्या गोळ्या बंद कर आता. तोंड सडलं तुजं."

मंगलनं मान डोलावली. मला तीच भीती होती. गोळी थांबली की आजार उसळणार, हे डॉक्टरांनी बजावलेलं.

अक्का गेल्यावर मंगलला शेजारी बसवलं. तवा घासून अक्कांनी आणलेल्या पुडीत उरलेल्यांपैकी एकच मिरची भाजली, मीठ-मोहरीसकट. मग दुसरी, थुंकीऐवजी पाण्यात भिजवून. दोन्ही वेळा ठसका लागला, डोळे गळले. जिन्यातून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "भाऊ, जीव घेता का आमचा?"

दुसऱ्या सकाळी मी गोळी पुढे केली. मंगलनं हात मागं घेतला.

"आधी सांगा, काल ठसका का नाही आला?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. घरात माणूस जगवायचाय, तिथं एक थाप काय जड होती? पण जमलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातली गोळी घेतली.

"अक्काला बाई सगळंच माहीत असतं," म्हणाली, आणि तोंड वाकडं करत गोळी गिळली.

तिनं पुन्हा विचारलं, तर आजही माझं उत्तर तेच आहे.