खांडवीच्या दोन हजार पट्ट्या

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. दांडिया बाजारात मी भाड्यानं राहते त्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्या असतात. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा राजाच्या कचेरीत कारकून होते म्हणे. त्या स्वतः एका केमिकल कंपनीच्या खरेदी खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. बाहेरदेशातून माल कसा मागवायचा, कोणता कागद कोणाकडे जातो, कस्टमवाले काय विचारतात, सगळं तोंडपाठ. मी नववीत शाळा सोडलेली. इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येतं, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवातीचे शब्द डोक्यातून गेलेले असतात. म्हणून जे झालं ते काकूंनी केलं असं म्हणायला माझी हरकत नाही. जे बिघडलं ते माझं.

मी भंडाऱ्याकडची. लग्न करून बडोद्याला आले आणि सात वर्षं निजामपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. तिथे बायका रोज एकच तक्रार घेऊन यायच्या. खांडवीचं, म्हणजे आपल्या सुरळीच्या वड्यांचं, गरम पीठ ताटाच्या पाठीवर पातळ पसरायचं, तर स्टीलच्या उलथन्यानं ताटाला ओरखडे पडतात आणि वाटीनं जाड-पातळ होतं. ऐकून ऐकून मी घरी एक पट्टी बनवली. ओव्हनमधल्या रबरी चटईचा वीतभर रुंद तुकडा कापला, सुताराकडून मूठ करून घेतली, मुठीला पांढरा रंग दिला. काकूंनी त्या पट्टीनं वड्या करून बघितल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कारखान्यात व्हायला पाहिजे."

इथल्या दोन कारखान्यांत गेलो. साचा करायचा तर दहा हजार नग घ्या, म्हणाले. चीनमधला एक कारखाना दोन हजाराला तयार झाला. मोबाइलवर तिथली एक मुलगी काकूंशी इंग्रजीत बोलायची, काकू मला मराठीत सांगायच्या. मुठीसकट सगळं सिलिकॉनचं, म्हणजे खाण्याच्या पदार्थाला चालणाऱ्या रबराचं करायचं ठरलं.

माल घेणार कोण, हाही प्रश्न काकूंनीच सोडवला. अलकापुरीत स्वयंपाकाच्या वस्तूंचं एक मोठं दुकान आहे. तिथले शेठ काकूंच्या जुन्या साहेबांचे धाकटे भाऊ. काकूंनी शब्द टाकला. शेठनी पट्टी वाकवून बघितली आणि मला म्हणाले, "बेन, पहेलो माल बराबर आवे तो आपणे कायम." पहिला माल नीट आला तर कायमचं घेऊ. एवढ्यावर मी काउंटरची नोकरी सोडली. तिथले मालक हसले. "नववी पास अने इम्पोर्ट? जा, जा. जगा राखीश." तुझी जागा राखून ठेवतो. ते चेष्टेत बोलले असतील, पण त्या दिवसापासून मला एकच भीती बसली, की त्या जागेवर मान खाली घालून परत उभं राहावं लागेल.

नमुना कुरिअरनं पाठवायचा होता. आमच्याकडे पहिली वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय आणि तिला कुंकू लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. मी मुठीवर अनामिकेनं कुंकू टेकवलं. ओलं होतं, खाली जरा ओघळलं. पुसावंसं वाटलं, पण लावलेलं कुंकू पुसायचं कसं? तसंच गुंडाळून दिलं.

महिन्याभरानं त्या मुलीनं फोटो पाठवला. शेवटचा नमुना, बघून हो म्हणा, असं खाली लिहिलेलं. काकूंनी चष्मा वर करून फोटो मोठा केला.

"हे लाल काय गं?"

"माझं कुंकू, काकू. आपलीच पट्टी दाखवतायत. एवढ्या लांब जाऊन तसंच राहिलंय बघा."

खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. घर सोडून मी इतक्या लांब आले, आणि माझ्या बोटाचा ठसा माझ्याहून लांब पोचला होता. काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि फोटोखाली 'ओके' लिहून टाकलं.

मग नुसती वाट बघणं. बंदरावर आपल्या वतीनं कस्टमचे कागद फिरवणारा एजंट असतो, त्याचे फोन यायचे. हा दाखला द्या, वस्तू कोणत्या वर्गात बसते ते लिहून द्या. फोन वाजला की मी तो घेऊन जिना चढायचे. काकू पोळी अर्धी ठेवून बोलायच्या. एकदा मी म्हटलं, "मी तुम्हाला फार त्रास देते." तर म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून मला कोणी कामाचं विचारत नव्हतं. बस तू खाली."

खोकी आली ती दुपारी. टेम्पोवाल्यानं जिन्याखाली उतरवून दिली. पहिलं खोकं मी सुरीनं फाडलं, वरची पट्टी काढली. मुठीवर लाल ठिपका, खाली ओघळ. मला वाटलं हीच माझी. दुसरी काढली. तिच्यावरही तोच ठिपका, तोच ओघळ, तेवढाच वाकडा. मग मी थांबले नाही, सगळी खोकी फाडली. दोन हजारच्या दोन हजार.

रॉकेल लावून पाहिलं, नेलपॉलिश काढायचं पाणी लावून पाहिलं. रंग आतपर्यंत पक्का बसवलेला. काकूंनी त्या मुलीला विचारलं. तिनं उलट माझ्या नमुन्याचा फोटो पाठवला, शेजारी आमचं 'ओके'. नमुन्यात होतं तसं केलं, असं नम्रपणे लिहिलेलं. तिचं काय चुकलं? आमच्या बाजारात नमुना देतो तेव्हा समोरच्याला कुंकू म्हणजे काय ते ठाऊक असतं. कुंकू लावताना मी ते परक्या देशात चाललंय एवढं लक्षात ठेवलं, पण पुढचा विचार केला नाही.

त्या रात्री आईचा फोन आला. "माल आला का वो बाई?" म्हणाली. यायचाय, म्हटलं.

सकाळी काकू साडी नेसून खाली उतरल्या. "चल, अलकापुरी. माल त्यांच्याकडे जायच्या आधी आपण सांगायचं." रिक्षात मी काय बोलायचं ते मनात घोकत होते.

शेठनी पट्टी हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "आ शुं छे, बेन? लोही?"

"रक्त नाही, कुंकू," काकू म्हणाल्या. "नमुना पाठवताना मी लावलं. आणि कारखान्याचा फोटो आला तेव्हा ओके पण मीच लिहिलं. हिला यातलं काही माहीत नव्हतं."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तमे?" शेठ हसायला लागले. "त्रीस वरस परचेस कर्या पछी?" तीस वर्षं खरेदी केल्यावर तुमच्या हातून हे?

"हो. वय झालं, दुसरं काय."

शेठ हसत राहिले, आणि हसता हसताच मऊ झाले. चूक माझी असती तर नववी पास बाईकडून दुसरी अपेक्षा काय, म्हणून त्यांनी दार लावलं असतं. भावाच्या ऑफिसातल्या मॅडमची होती, म्हणून गंमत झाली. दोन खोकी जांगडवर ठेवा, म्हणाले, म्हणजे खपेल तेवढं त्यांचं, उरेल ते परत माझं. "बीजो माल चोख्खो लावजो." पुढचा स्वच्छ आणा. बाकीच्या पट्ट्या मी ओळखीच्या बायकांना घरोघरी फिरून विकल्या. अजूनही काही खोकी पलंगाखाली आहेत.

दुसरा माल स्वच्छ आला. तो नमुना कुंकू न लावताच गेला. शेठनी घेतला. मी काउंटरवर परत गेले नाही.

पण शेठनी ती गंमत भावाला सांगितली, भावानं जुन्या ऑफिसात. काकूंना फोन यायला लागले. "मॅडम, हवे पूजा करीने ऑर्डर आपो छो?" आता पूजा करून ऑर्डर देता का, असं कोणीतरी विचारलं. मी समोरच होते. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "हा, ने आरती पण." फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी निवडत राहिल्या. दर महिन्याला ऑफिसच्या जुन्या बायका जमतात. तीस वर्षांत एक कागद चुकला नाही, असं तिथे काकूंचं नाव होतं. या वर्षी त्या दोनदा गेल्या नाहीत. गुडघे दुखतात, म्हणाल्या. जिना मात्र रोज चढतात-उतरतात.

मी एकदा विषय काढला. "काकू, मी शेठना खरं सांगते."

"आणि तिसऱ्या मालाचं काय करशील?"

"पण तुमचं नाव..."

"माझं नाव आता कोणाला लागतंय? तुझं लागतंय. जा, चहा ठेव."

मी चहा ठेवला. आणि आतून मला बरंही वाटलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. त्यानंतर दोनदा मी शेठकडे माल पोचवायला गेले, दोनदा सांगायचं ठरवून, आणि बिल घेऊन परत आले.

काकू, हे मराठीत आहे म्हणून शेठ वाचणार नाहीत, पण तुम्ही वाचालच. मी शेठकडे जाणार आहे. कुंकू माझं होतं आणि तुम्हाला ओके लिहायला लावणारी मीच होते, हे त्यांच्या तोंडावर सांगेन, मग ते माझा माल ठेवोत की काढून टाकोत. नंतर तुमच्या ऑफिसच्या बायका जमतील तिथेही येईन आणि तेच सांगेन. कधी, ते आज मला सांगता येत नाही, धीर कमी पडतो. पण तुमचं नाव तुम्हाला परत आणून दिल्याशिवाय मी राहणार नाही.