सर्वांनी हेच कॉपी करून टाकावे

माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पुस्तक लहानसंच आहे. रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमधली एक मुलगी घरातली पहिलीच म्हणून कॉलेजात जाते आणि तिथलं तिला काय काय कळत नाही, एवढाच त्याचा विषय. ती मुलगी म्हणजे मीच. नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकांनी ते काढलं. ते फोनवर म्हणाले, समारंभाला हल्ली कोण येतं, आपण ब्लॉग टूर करू. मी लगेच हो म्हटलं. एखादी गोष्ट कळली नाही तर तसं सांगायला मला अजूनही जड जातं.

नंतर त्यांनीच समजावलं. पुस्तकांवर लिहिणारे काही ब्लॉगवाले ठरवायचे. आळीपाळीने एकेकाच्या ब्लॉगवर पुस्तक जाणार. कुठे मुलाखत, कुठे पुस्तकातला उतारा, कुठे परीक्षण. लेखिकेने रोज लिंक सगळीकडे पाठवायची आणि येईल त्या प्रत्येक टिप्पणीला उत्तर द्यायचं.

खरं सांगायचं तर खप किती होईल याचा मी विचारच केला नव्हता. कुणीतरी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं आणि जे वाटलं ते सरळ सांगावं, एवढं मला हवं होतं. चांगलं किंवा वाईट, पण वाचून.

पहिल्या ब्लॉगने मुलाखतीचे प्रश्न पाठवले. लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली, आवडता छंद कोणता, आणि छत्तीसगडमध्येही मराठी माणसं असतात का. मी लायब्ररीत बसून पानभर उत्तरं लिहिली. विदर्भातून रेल्वेत आणि सरकारी नोकरीत आलेली कुटुंबं, आमची हिंदीत कालवलेली मराठी, सगळं लिहिलं. छापताना त्यांनी त्यातल्या दोन ओळी ठेवल्या. दुसऱ्या ब्लॉगनेही तेच प्रश्न पाठवले. तिसऱ्याने पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर उचलून त्याला परीक्षण म्हटलं आणि शेवटी 'संग्राह्य पुस्तक' असं जोडलं. मी त्याखाली आभार मानले. मानावेच लागतात. पण मोबाइल बाजूला ठेवला तेव्हा चीड आली होती.

माझी सगळी आशा चौथ्या ब्लॉगवर होती. तो चालवणाऱ्या बाई कोल्हापूरकडच्या. त्यांची जुनी परीक्षणं मी वाचली होती. पटलं नाही तर त्या पान सांगून लिहायच्या की इथे लेखक घसरला. पहिल्या दिवशी त्या उतारा देणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी परीक्षण. उतारा त्यांनीच निवडला, कॉलेजात प्रवेश घेतला त्या दिवसाचा.

उतारा आला त्या दिवशी मी लिंक आईला पाठवली. आईने ती महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली. आमचं मंडळ म्हणजे हळदीकुंकू, गणपती आणि कुणी रिटायर झालं की शाल. समता कॉलनीतल्या काकू मंडळाच्या सेक्रेटरी. कुणाचा वाढदिवस असो की मुलाचा निकाल, मजकूर त्या तयार करतात आणि बाकीच्या तो चिकटवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट एखादी राहिली तर काकू तिला फोन करतात.

दुपारी वर्गातून बाहेर आले आणि ब्लॉग उघडला. उताऱ्याखाली टिप्पण्यांची रांग लागली होती. अतिशय हृदयस्पर्शी लेखन, लेखिकेचे मनःपूर्वक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा, आणि पुढे हात जोडलेले. खाली तेच. त्याच्या खाली तेच. शंकर नगरच्या मावशींनी तर काकूंच्या मेसेजवरची सूचनाही सोडली नव्हती. त्यांच्या टिप्पणीची सुरुवातच 'सर्वांनी हेच कॉपी करून टाकावे' अशी होती.

मला हसू आलं नाही. मी घाईघाईने काकूंना फोन केला. त्या खुशीत होत्या.

"बेटा, साऱ्याजणींनी टाकलं ना? कोणी सुटली असन तर नाव सांग, मी पाहतो तिच्याकडं."

मी म्हटलं, काकू, आता कुणाला टाकायला सांगू नका. तर त्या म्हणाल्या, अगं लाजतेस काय, आपल्याच पोट्टीचं कौतुक आहे. मी फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत बाईंचा मेल आला. भाषा शांत होती, त्यामुळे जास्त लागली. पुस्तक त्यांनी पूर्ण वाचलं होतं, परीक्षण लिहून तयार होतं, पण अशा टिप्पण्या जमवणाऱ्या लेखकांना त्या जागा देत नाहीत. टिप्पण्या त्यांनी बंद केल्या होत्या आणि परीक्षण येणार नव्हतं.

मी मोठं उत्तर लिहिलं. ही खोटी खाती नाहीत, या आमच्या मंडळातल्या बायका आहेत, आमच्याकडे असंच करतात. शेवटी विनंती केली की छापू नका, पण जे लिहिलंय ते निदान मला पाठवा. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की तुमचं म्हणणं खरं असेलही, पण नियम सगळ्यांना सारखा. प्रकाशकांना कळवलं तर ते म्हणाले, जाऊ द्या, एवढ्या कमेंट आल्या हे चांगलंच झालं.

माझं पुस्तक खरोखर वाचलेलं एक माणूस मिळालं होतं, आणि त्याला काय वाटलं ते मला कधीच कळणार नव्हतं.

घरी आई भाजी निवडत बसली होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "काहून तोंड पाडून बसली?"

मी सगळं सांगितलं, थोडं चिडूनच. म्हटलं, न वाचताच कशाला टाकता तुम्ही सगळ्या? निदान तू तरी वाचून तुझ्या मनाचं लिहायचं होतंस.

आई सातवीपर्यंत शिकलेली, तुमसरकडच्या गावात. मराठी ती सावकाश वाचते, ओठ हलवत. ती भाजी निवडतच राहिली.

"वाचलं ना मी. पूर्ण वाचलं. म्हणूनच काकूचं चिकटवलं."

"म्हणजे?"

"तू लिहिलं का, घरी कोणाले काही कळत नव्हतं, मी एकटीच रांगेत उभी होती. एकटी कुठं होती तू? तुझे बाबा समोरच्या टपरीवर बसून होते. सुट्टी टाकून."

मला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी सकाळी बाबा ड्युटीचा डबा घेऊन निघाले होते. ते मी पाहिलं होतं, आणि पुस्तकात लिहिलंही होतं.

"कोणी म्हणे का फारमवर बापाची सही लागते. पोरीनं बोलावलं तर आत जाईन, बाबा म्हणे. तू बोलावलंच नाही."

"मग तू हे तिथे का नाही लिहिलंस?"

"साऱ्या दुनियेसमोर माह्या पोट्टीले खोटं पाडू?" आईने ताट सरकवलं आणि उठली.

पाचव्या ब्लॉगलाही हाच उतारा गेला होता. मी लगेच त्यांना लिहिलं की उतारा बदलता येईल का, त्यात एक चूक आहे. त्यांचं उत्तर तत्परतेने आलं. पोस्ट आधीच लावून ठेवली आहे, आता बदलणं जमणार नाही, आणि उतारा फारच हृद्य आहे, काळजी करू नये. सकाळी तो ठरल्या वेळी आला. जाड अक्षरांत त्यांनी निवडलेलं वाक्यही तेच होतं, एकटीने रांगेत उभं राहिल्याचं. खाली लेखिकेने आभार मानायचे होते. मी ती चौकट उघडली आणि पुन्हा बंद केली. बाबांना न विचारता त्यांच्याबद्दल तिथे काही लिहावं का, ते कळेना. आणि न लिहिता आभार मानणंही जमेना.

संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले, हातपाय धुऊन बसले. मी पाण्याचा तांब्या दिला. मग विचारलं, माझ्या ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही कॉलेजसमोर आला होतात का.

त्यांनी आईकडे पाहिलं. आई पोळी लाटत होती, तिने मान वर केली नाही.

"हव," बाबा म्हणाले. "पण सही कुठं लागली?"