दोन्हीकडे नॉन-रेसिडेंट

“अगले साल से सही वाला भर देंगे. पुराना छोड़ दो, कोई नी पूछता.”

फोन स्पीकरवर होता. बोलणाऱ्या एजंटचं इंदूरला बड़ा गणपतिजवळ विदेशी शिक्षणाचं दुकान आहे. ऐकणारे आम्ही तिघं होतो. मी, माझ्या टेबलासमोर बसलेले लेले काका, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांची मुलगी मुक्ता. इथे संध्याकाळचे साडेसहा, तिच्याकडे सकाळ. ती अमेरिकेत बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला होती आणि क्लासला जायच्या आधी रडून घेत होती.

“ताई, तो बोलून राहिला की सोडून दे,” काका म्हणाले. काका सुदामा नगरच्या शाळेत गणित शिकवतात. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत, पण त्या दिवशी मला ताई म्हणत होते. माणूस घाबरला की असं होतं.

“काका, तो सोडेल. फॉर्मवर सही त्याची नाहीये, मुक्ताची आहे.”

मी तुकोगंजमधल्या एका ऑफिसात अमेरिकन लोकांचे टॅक्स रिटर्न तयार करते. तिकडच्या फर्म कागद पाठवतात, आम्ही इथे बसून फॉर्म भरतो, तिकडचा माणूस तपासून पुढे पाठवतो. इंदूरात अशी ऑफिसं बरीच आहेत, पण लोकांना पत्ता नसतो. माझ्या आईला अजून वाटतं मी बँकेत आहे.

मुक्ताची चूक सोपी होती. तिकडे दोन प्रकारचे फॉर्म असतात. टॅक्सच्या दृष्टीने जो तिथला रहिवासी, म्हणजे रेसिडेंट, त्याला १०४०. जो नाही, त्याला १०४०-एनआर. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या मुलाची पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजतच नाहीत. तो वर्षभर तिथे राहिला, बर्फ उपसला, ग्रंथालयात नोकरी केली, तरी नॉन-रेसिडेंट. शिवाय त्याने ८८४३ नावाचा एक कागद द्यायचा असतो, की बाबांनो, मी विद्यार्थी आहे, माझे दिवस मोजू नका.

मुक्ताने एजंटकडून १०४० भरून घेतला होता. त्यात फीवर मिळणारी एज्युकेशन क्रेडिट नावाची सूट मागितली होती, जी नॉन-रेसिडेंटला मिळत नाही. तिला ती मिळाली. पैसे खात्यात आले आणि तिने ते डिसेंबरच्या तिकिटासाठी बाजूला ठेवले. डिसेंबरात तिच्या दादाचं लग्न होतं. दोन वर्षांत ती घरी आली नव्हती.

चूक कळली ती हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. तिची नेपाळी मैत्रीण ८८४३ भरत बसली होती. ती म्हणाली, “तूने नहीं भरा? मतलब तूने कौन सा भरा?”

खरी भीती पुढची होती. मुक्ताच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. तिथे राहायला अडचण नव्हती, पण एकदा बाहेर पडलं की परत जायला नवा व्हिसा लागणार. म्हणजे लग्नाला आली की मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यायची. तिथे कुणी विचारलं की बाई, तुम्ही स्वतःला अमेरिकेची रहिवासी कसं म्हणवलंत, तर काय सांगणार? लग्नाला यायचं आणि डिग्री अर्धवट राहायची, की डिग्री करायची आणि दादाचं लग्न फोनवर बघायचं?

“ताई, मी खोटं लिहिलं, असं होतं का यातून?” मुक्ताने विचारलं.

“चुकीचं लिहिलंस. कळल्यावर गप्प बसलीस तर खोटं होईल.”

एजंट अजून फोनवरच होता. तो म्हणाला, “दीदी, बच्ची को डराओ मत.” मी फोन कट केला.

माझा राग कुठून येतो ते सांगते. कॉलेजात असताना मी एका विद्यार्थी संघटनेत होते. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. एक पान, एक आरोप, एक मागणी, खाली नाव. गेटवर उभं राहून वाटायची. फीवाढीवर लिहिलं, हॉस्टेलच्या पाण्यावर लिहिलं. माझं लिखाण वाचून एका प्राचार्यांनी मला बोलावून चहा पाजला होता आणि पुढच्या आठवड्यात नोटीस दिली होती. तेव्हा काका आणि मुक्ता गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? पत्रक लिहायला घेतलं. ‘विद्यार्थ्यांना बुडवणारी दुकानं’. एका दमात पान भरलं.

आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठ जोशी मॅडम तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आल्या. शुद्ध बोलतात, कमी बोलतात. त्यांनी पान वाचलं.

“छान आहे. मुक्ताचा फॉर्म कुठाय?”

“तो उद्या करते. आधी हे.”

“उलटं कर. आणि मला एक सांग. त्या माणसाने रेसिडेंट कशावरून ठरवलं? मनाने?”

हे मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लंचमध्ये स्कूटर काढली आणि बड़ा गणपतिला गेले. पत्रकात घालायला पुरावा हवा होता, खोटं कशाला बोलू.

दुकान लहान. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो. मधोमध लॅमिनेट केलेलं एक पान. हिंदीत. ‘विदेश पढ़ने जा रहे हैं? टैक्स के छह सवाल.’

ते पान मी लिहिलं होतं. शेवटच्या वर्षाला, संघटनेसाठी. खाली माझं नाव होतं, पूर्ण.

“अरे दीदी, ये आप ही हो?” एजंट उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुसली. “हम तो इसी से समझाते हैं सबको. ये देखो, सवाल चार.”

चौथा प्रश्न असा होता: वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर तुम्ही नॉन-रेसिडेंट. हा भारताचा नियम, मोटामोटी. कॉमर्सच्या प्रत्येक मुलाला झोपेत विचारला तरी येतो. माझ्या पानावर ‘भारतात’ हा शब्द वर कुठेतरी शीर्षकाखाली होता, चौथ्या प्रश्नात नव्हता. आणि तिकडचं काय, यावर एक अक्षर नव्हतं.

“यहाँ के नहीं रहे, तो वहाँ के हो गए ना?” एजंट म्हणाला. “और नेट पे देखा मैंने. वहाँ भी दिन गिनते हैं. एक सौ तिरासी.”

मोजतात. पण विद्यार्थ्यांचे नाही. आकडा जवळपास जुळला आणि सगळ्यांची खात्री पटली. इंदूरहून गेलेल्या मुलांच्या ग्रुपवर याच पानाचा फोटो फिरला होता. एकाने १०४० भरला, बाकीच्यांनी नाव आणि पगार बदलून तोच भरला. आपल्याकडे एक कॉमर्सवाला खात्रीने बोलला की दहा इंजिनिअर मान हलवतात.

मी त्याच्या दुकानात बसून पाणी प्यायले. त्याच्यावर ओरडायला आले होते. आता कुणावर ओरडू? तो निर्दोष नव्हता. एज्युकेशन क्रेडिट त्यानेच टाकलं होतं, आणि ‘छोड़ दो’ हा सल्लाही त्याचाच. पण सुरुवात माझ्या पानाने झाली होती.

ऑफिसात येऊन मॅडमना सगळं सांगितलं.

“तुझं चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “अपुरं आहे. दुरुस्त करायला तेच जास्त जड जातं. बस.”

बसले. सात दिवस रोज साडेसहाला मुक्ताचा फोन. दुरुस्तीची पद्धत अशी: १०४०-एक्स नावाचा फॉर्म, म्हणजे ‘आधीचं बदला’ असं सांगणारा. त्याला खरा १०४०-एनआर जोडायचा. सोबत राहून गेलेला ८८४३. चुकून मिळालेली रक्कम व्याजासकट आपणहून भरायची, कुणी मागायच्या आधी. आणि सगळं स्वतः सही करून पोस्टाने.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “थांबा ताई. भारतात मी नॉन-रेसिडेंट. इथेही नॉन-रेसिडेंट. मग मी आहे कुठली?”

काका पडद्याबाहेरून म्हणाले, “सुदामा नगरची. पुढे लिही.”

तिसऱ्या दिवशी एक चांगली गोष्ट सापडली. नॉन-रेसिडेंटला तिकडे स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या उत्पन्नातली जी ठराविक रक्कम टॅक्सशिवाय सोडतात, ती. पण भारत आणि अमेरिकेच्या करारात एक कलम आहे, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते. मुक्ताने हे नेपाळी मैत्रिणीला सांगितलं; नेपाळसाठी असं कलम नाही. मैत्रीण दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, मग तिने मुक्ताकडून मोमो वसूल केले. ग्रंथालयाच्या पगारावरचा टॅक्स त्यामुळे वाढला नाही. परत करायची ती फक्त क्रेडिटची रक्कम. म्हणजे तिकिटाचे पैसे.

“मी पाठवतो,” काका म्हणाले.

“बाबा, नको. उन्हाळ्यात ग्रंथालयात जास्त तास मिळतात.”

काका माझ्याकडे वळले. म्हणाले, “ऐकलं ना?” त्या आवाजातला अभिमान मला फॉर्मवर कुठे लिहिता आला नाही.

सगळ्यात वेळ गेला तो एका छोट्या चौकोनावर. १०४०-एक्समध्ये कारण लिहायची जागा असते. मी तिथे माझं हत्यार काढलं. एजंटांची दिशाभूल, परदेशी विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष, कॉलेजची जबाबदारी. चार परिच्छेद.

मुक्ताने वाचलं. “ताई, हे भारी आहे. पण वाचणारा क्लार्क आहे ना? त्याला भाषण नको असेल.”

“मग तू लिही.”

तिने लिहिलं. मी चुकून रेसिडेंटचा फॉर्म भरला. त्या वर्षी मी स्टुडंट व्हिसावर होते, म्हणून नॉन-रेसिडेंट होते. मी एज्युकेशन क्रेडिटला पात्र नव्हते, ती रक्कम सोबत परत करत आहे.

तीन वाक्यं. एजंटचं नाव नाही, माझं नाव नाही, रडगाणं नाही. मॅडमनी वाचून एवढंच म्हटलं, “हिला नोकरी हवी असेल तर सांग.” तीन वर्षांत मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते. मला थोडं लागलं, पण बरोबर होतं.

लिफाफा गेला त्या दिवशी मी नवं पत्रक लिहिलं. हिंदीत, एक पान. पहिली ओळ: मेरे पुराने पर्चे का चौथा सवाल अधूरा था. खाली दोन रकाने, डावीकडे भारत, उजवीकडे अमेरिका. रकान्यांखाली दुरुस्तीची पद्धत पायरीपायरीने. शेवटी माझं नाव, पूर्ण. घेऊन दुकानात गेले.

एजंटने वाचलं. “दीदी, इसमें लिखा है कि जिसने गलत भरवाया, फीस वापस करे.”

“हो.”

“मेरा नाम तो नी लिखा.”

“अजून नाही.”

त्याने खुर्चीवर चढून जुनं पान काढलं आणि नवं लावलं. फी परत करायला मात्र दीड महिना लावला, ते सुद्धा काका रोज शाळा सुटल्यावर जाऊन त्याच्या दुकानात वह्या तपासत बसायला लागले तेव्हा. गिऱ्हाइकांना वाटायचं, नवे सर ठेवलेत.

ग्रुपवरच्या मुलांपैकी अकरा जणांनी फॉर्म दुरुस्त केले. अकराही जणांनी स्वतः लिहिलं, मी फक्त तपासलं. दोघांनी केले नाहीत. त्यांना मी दर महिन्याला मेसेज करते. ते निळी टिक देतात, उत्तर देत नाहीत.

मुक्ताला पत्र दिवाळीच्या थोडं आधी आलं. तिकडच्या टॅक्स खात्याने दुरुस्ती मान्य केली होती, रक्कम पोहोचली होती. एक पान, कोरडं. तिने त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, तिकीट काढलं.

डिसेंबरात आली. मुंबईच्या मुलाखतीला फाइल घेऊन गेली: आधीचा फॉर्म, दुरुस्ती, पावती, पत्र, सगळं खुणा लावून. अधिकाऱ्याने विचारलं, काय शिकतेस, कधी संपणार. टॅक्सचं कुणी विचारलंच नाही. फाइल न उघडता परत आली. काकांना जरा वाईट वाटलं, खुणा त्यांनी लावल्या होत्या.

लग्नाच्या हॉलमध्ये ती मला भेटली तेव्हा हातात ताट होतं आणि समोर तिचा एक चुलतभाऊ, जो पुढच्या वर्षी जर्मनीला जाणार आहे. ती त्याला सांगत होती, “आधी विचारायचं, हा नियम कुठल्या देशाचा. मग दिवस मोजायचे.”

त्याने विचारलं, “जर्मनीचा नियम काय?”

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, माहीत नाही. या धंद्यात हे दोन शब्द म्हणायला शिकायला मला एक पत्रक आणि एक उन्हाळा लागला.