बपेऱ्याला न पेटलेला हीटर

देवळात गेलो की मी लांबूनच हात जोडणारा माणूस. गुडघे दुखतात हे निमित्त, खरं कारण असं की वाकायची सवयच नव्हती. एकतीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवरची यंत्रं सांभाळण्यात गेली. आमच्या करडी गावाहून मोटरसायकलने जायचं, दिवसभर गॅसचा दाब, पंखे, काटे आणि स्विच यांच्याशी डोकं लावायचं, संध्याकाळी परत यायचं. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं आणि ते कारण मला सापडतं, एवढी एकच श्रद्धा माझ्याजवळ होती. बायको म्हणायची, "तुमचा देव त्या काट्याच्या डब्यात बसते जी." मी हसायचो. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरंच वाटायचं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आली ती अर्धी होऊन. छातीला थंडी लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि हिची जन्माची एकच इच्छा, माघातल्या नर्मदा जयंतीला अमरकंटकला जाऊन उगमावर दिवा लावायचा. लहानपणी तिच्या आईने नेईन म्हणून कबूल केलं होतं, ती आई गेली. लग्नानंतर मी कबूल केलं, तर माझ्या कारखान्यातल्या पाळ्या संपेनात. आता आजारातून उठल्यावर तीच म्हणाली, "जाऊ द्या. अमरकंटकची थंडी मले नाही सोसत. नर्मदामाय इथूनबी पावते." तिने भांडून मागितलं असतं तर मी चार कारणं सांगितली असती. पण ते "जाऊ द्या" माझ्या जिव्हारी लागलं.

मग मी एक जुनी शाळेची गाडी विकत घेतली. आतली बाकडी काढून पलंग केला, ओट्यावर शेगडी बसवली आणि झोपायच्या जागेजवळ गॅसचा हीटर लावला. हा हीटर म्हणजे एक बंद डबा असतो. आग डब्यात जळते, तिचा धूर नळीतून गाडीच्या खाली बाहेर जातो आणि आत फक्त ऊब येते. धूर नीट जात नसेल तर डब्यातला एक लहानसा स्विच आग बंद करतो, माणसाच्या जिवाला धोका नको म्हणून. श्रावणात मी तो बसवला आणि लावून पाहिला. बाहेर पाऊस, घामाच्या धारा, आणि आम्ही दोघं गाडीत हीटर लावून बसलेले. शेजारचे म्हणाले, "काका सटकले." पण हीटर झकास चालला, आणि मी निर्धास्त झालो. इतका निर्धास्त की माघात निघताना पुन्हा तपासायचंही मनात आलं नाही. मी बसवलेल्या वस्तूला काय होणार?

निघालो त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि बोचरा वारा सुटला होता. वाटेत चांदपूरच्या मारोतीचं दर्शन घेतलं. हिने डोकं टेकलं, मी नेहमीप्रमाणे लांबूनच. दुपारी बपेऱ्याला पोचलो तोवर तिला खोकल्याची उबळ यायला लागली होती. पुढे पूल, पुलापलीकडे मध्य प्रदेश, मग जंगलाचा आणि घाटाचा रस्ता. म्हटलं, इथेच थांबून हीटर लावू, हिला जरा ऊब मिळू दे. गावाच्या कडेला कडुनिंबाखाली गाडी लावली. ती आत पलंगावर वाकळ पांघरून पडली, मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि बटण दाबलं.

टक-टक-टक आवाज झाला, निळी ज्योत आली, आणि दहा-पंधरा सेकंदांत लाल दिवा लागून विझली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मला राग येण्याऐवजी उत्साहच आला. एकतीस वर्षं यंत्रं सांभाळणारा माणूस जागा झाला. सिलिंडर हलवून पाहिला, भरलेला. रेग्युलेटर काढून बसवला. साबणाचं पाणी लावून सांधे पाहिले, गळती नाही. बॅटरी ठीक, पंखा फिरतोय, गॅस सुटायचं छिद्र स्वच्छ. अकरा वेळा लावला आणि अकरा वेळा विझला. मनातल्या मनात म्हणत होतो, मारोतीराया, एकदा पेटू दे, बाकी मी पाहतो. मदत मागतानासुद्धा ऐट सुटत नव्हती. एकच जागा पाहिली नाही, ती म्हणजे गाडीखालची नळी. त्यासाठी मातीत गुडघे टेकून वाकावं लागलं असतं, आणि यात्रेचा पांढरा पायजमा होता ना अंगात!

वाकळीतून आवाज आला, "ऐकता का जी? परत फिरू. मारोतीचं दर्शन झालं, तेच पुष्कळ झालं. जाऊ द्या."

पुन्हा तेच "जाऊ द्या". माझं डोकं फिरलं. ठरवून टाकलं की स्विचच खराब आहे. खिशात वीतभर तांब्याची तार होती, तिची दोन्ही टोकं चाकूने सोलली. स्विचच्या दोन टोकांना ती जोडली की स्विच असून नसल्यासारखा, आग विझायचं नावच घेणार नाही. कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, "स्विचला तार मारणारा माणूस आपल्याच हाताने आपला फोटो भिंतीवर लावतो." ते वाक्य मला त्या वेळी आठवलंसुद्धा. तरी मी तार सोलली. अमरकंटकपर्यंत तर चालेल, असं स्वतःला सांगितलं.

आणि तेवढ्यात गाडीमागून कुणीतरी हाक मारली, "ओ भाऊ! माही कोंबडी घुसली जी तुमच्या गाडीखाली. तिकडून जराशी हाकला."

सत्तरीच्या पुढची एक आजी होती, हातात काडी घेतलेली. मी वैतागून म्हटलं, "आजी, काम चालू आहे माझं. येईल ती आपोआप."

"कायची येते! मोठी बदमाश हाय थे. तीन दिवसांपासून अंडे कोठं टाकून राहिली, पताच नाही."

मी लक्षच दिलं नाही. तिनेही माझी वाट पाहिली नाही. लुगडं खोचलं आणि सरळ मातीत आडवी होऊन गाडीखाली शिरली. मी तारेचं एक टोक जोडलं. दुसरं जोडणार, तोच खालून प्रश्न आला, "ओ भाऊ, या नळीतून काय जाते?"

"धूर."

"कायचा धूर जाते! कुंभारणीनं बुजवून टाकली पुरी. चुलीचं धुराडं असं बुजलं, तं घरात मानूस जित्ता रायते का?"

माझा हात तिथेच थांबला. तार काढून घेतली, खाली उतरलो आणि पायजम्याची पर्वा न करता गुडघे टेकले. गुडघ्यांनी भागेना, म्हणून कपाळ मातीला टेकवून आत पाहिलं. कुंभारीण म्हणजे चिखलाची इवली मडकी बांधणारी माशी. तिने नळीचं तोंड लिंपून टाकलं होतं, जेमतेम एक फट उरली होती. स्विच खराब नव्हता. अकरा वेळा तो बिचारा आपलं काम करत होता. मी तार जोडली असती तर तो सगळा धूर हळूहळू आत भरला असता. त्या वायूला रंग नसतो, वास नसतो. खिडक्या मीच लावल्या होत्या, आणि आत वाकळ पांघरून माझी बायको पडली होती.

आजीने कडुनिंबाची काडी घालून माती खरवडली. "घर रिकामं हाय," ती म्हणाली. "भोकं पडली. लेकरं उडून गेली, पाप नाही लागत." तेवढ्यात कोंबडी तिच्या डोक्यावरून फडफडत बाहेर पळाली आणि आजी तिला शिव्या देत उठली.

गलका ऐकून ही दार उघडून बाहेर आली. मातीची ती मडकी पाहिली आणि मट्‌कन पायरीवर बसली. "मी पायलं होतं जी," ती म्हणाली. अश्विनात ती माशी चिखल घेऊन गाडीखाली जाताना तिने पाहिली होती. तिच्या माहेरी म्हणतात, कुंभारीण जिथे घर करते तिथे पाळणा हलतो. मुलाच्या लग्नाला आठ वर्षं झाली, सुनेची कूस उजवली नाही. म्हणून हिने हाकलली नाही, मला सांगितलंही नाही. बांधू दे बापडीला, म्हणाली. आता रडायला लागली. "माह्या येडेपणानं यात्रा बुडत होती."

आणि मी काय केलं? मुठीतली तार गुपचूप खिशात घातली आणि म्हणालो, "जाऊ दे गं, होते असं." असा मी मोठ्या मनाचा!

हीटर पहिल्या झटक्यात पेटला. आजीला चहा दिला, तिने पदरातल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा हिच्या ओटीत टाकल्या. नळीच्या तोंडावर मोठ्या भोकांची जाळी सुतळीने बांधून आम्ही पूल ओलांडला. पुढचे दोन दिवस मी हिला फुलासारखं जपलं. गरम पाणी, शाल, औषध, सगळं हातात. ती म्हणायची, "आज सूर्य कोनीकडून निघाला?" मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. खिशातली तार मांडीला टोचत राहिली, आणि मी ती फेकूनही देत नव्हतो.

अमरकंटकला जयंतीच्या सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. गाडीत मात्र छान ऊब होती, ही गाढ झोपून ताजी उठली होती. खाली जाळी लोंबत होती; सुतळी धुराच्या धगीने अर्धी जळून गेली होती. ती म्हणाली, "तार नाही का तुमच्यापाशी? खिशात तं सदा असते." मी तार काढली आणि मग राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. एक टोक जोडलं होतं, तेही सांगितलं.

तिने तारेची सोललेली टोकं बोटाने चाचपून पाहिली. "म्हंजे थे कोंबडी नसती तं..."

"हो."

मला वाटलं रडेल. पण ती भडकली. "आन् दोन दिवस मले रडू देलं? माह्या येडेपणावर? स्वतः मुकाट बसले?" मग तिने डोळे पुसले. "वाका खाली," म्हणाली. "हेच तार बांधा." मी वाकलो, आणि ज्या तारेने आमचा जीव घेतला असता तिनेच जाळी घट्ट बांधली. उगमावर तिने दोन दिवे लावले. दुसरा कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोंबडीचा."

अशा अनुभवांत मदत करणारा माणूस पुढे कुणाला सापडत नाही, असं मी ऐकून होतो. आमची आजी मात्र परतताना बपेऱ्यालाच होती, त्याच कोंबडीला त्याच शिव्या देत. हिने तिला नर्मदेचं पाणी दिलं. आम्ही तिच्या पाया पडलो तर ती म्हणते, "मले कायले? मी तं कोंबडी पकडाले गेलती." तिला कोणी पाठवलं, पाठवलं की नाही, यावर मी वाद घालत नाही. सुनेचंही देवाच्या हाती. मला एवढंच कळतं की मी अकरा वेळा पेटू दे म्हणत होतो आणि अकरा वेळा मला थांब असं सांगितलं जात होतं. त्या नकाराला मी बिघाड समजलो. मागितलेलं मिळालं नाही म्हणून आज माझी बायको माझ्याशी भांडायला समोर आहे, याहून मोठं दान मला मागताही आलं नसतं.

अजूनही आम्ही गाडी घेऊन निघतो. हीटर लावायच्या आधी ती आतून विचारते, "धूर जाते ना जी?" मग मी खाली उतरतो, दुखरे गुडघे मातीत टेकतो, कपाळ जमिनीला लावतो आणि तार जागेवर आहे ना, नळी मोकळी आहे ना, ते पाहतो. पाहून झालं तरी क्षणभर तसाच राहतो. वरून ती म्हणते, "झालं का?" मी म्हणतो, "झालं, लाव."