नरकासुराच्या पोटातला सगुण

सगुणला यंत्राचं भय कधी वाटलं नाही. भय वाटायचं ते यंत्रात कोण बसलंय याचं. डिचोलीकडे, मुळगावच्या बाजूला एका खाणीवर त्याने उमेदीची सगळी वर्षं पोकलेन चालवली. पेडण्याच्या घरून तो अंधारातच निघायचा आणि लाल मातीने माखून परतायचा. बायको, विनोदिनी, त्याला आधी विहिरीवर धाडायची आणि मगच उंबऱ्याच्या आत घ्यायची. विहिरीवरही हा गप्प बसत नसे. अंगावर बादली ओतता ओतता शेजाऱ्यांना दिवसभराच्या हकिकती सांगायचा. सांगून संपायच्या आत पाणी संपायचं.

त्यातली दत्तारामची हकिकत साऱ्या वाड्याला तोंडपाठ होती. सगुण आणि दत्ताराम एकच पोकलेन पाळीपाळीने चालवायचे. खाणीवर चहा करणारी प्रभावती लांबून पोकलेनची नुसती बकेट, तो माती उचलायचा लोखंडी पंजा, बघून सांगायची, "आज दत्तारामाची पाळी. घरात भांडून इलो दिसता." दत्तारामची बकेट जमिनीवर अशी आदळायची की चहाची किटली हलावी. मग त्याला मुलगी झाली, आणि आठवड्याभरात बकेट शहाणी झाली. माती उचलायची तीसुद्धा निजलेलं पोर उचलावं तशी. "मशीन तीच, डिझेल तेच," सगुण दोन्ही हात हवेत धरून सांगायचा, "फक्त आतलो माणूस बदललो."

पुढे खाण बंद पडली. दत्ताराम वाळपईला मुलीकडे राहायला गेला. सगुण ओसरीवरच्या कदेलात, जुन्या लाकडी खुर्चीत, बसू लागला. सांगायला हकिकती होत्या, पण त्या सगळ्यांच्या ऐकून झालेल्या. कधी कधी त्याचा उजवा हात कदेलाच्या हातावर आपोआप, पोकलेनचा खटका ओढावा तसा, पुढेमागे व्हायचा. विनोदिनी ते बघायची आणि चहा आणून ठेवायची.

अशात त्याची नात सेजल कॉलेजच्या सुट्टीत घरी आली आणि जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून लॅपटॉपवर काहीतरी बघू लागली. सगुणने मान लांब केली. पडद्यावर डोंगराएवढा लोखंडी माणूस उभा होता.

"काय गो बघतंस? कार्टून?"

"ॲनिमे, आजो. कार्टून म्हणू नको."

"ह्येका डिझेल किती लागत असात?"

"डिझेल नाय रे लागत. आत बघ, छातीत तो मुलगा बसलाय ना, तो चालवता."

सगुण कदेल ओढून तिथेच बसला. तो पोरगा घाबरट होता. खटका ओढायच्या आधी डोळे मिटून घ्यायचा. सगुणला ते अजिबात आवडलं नाही.

"डोळे मिटून पोकलेन चालवलीन तर दरडीखाली जातलो. ह्येका कोणी लायसन दिल्यान?"

तरी दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर त्यानेच विचारलं, "तुझो तो डोळेमिट्या आज येतलो काय?"

असं करता करता बरेच भाग झाले. एका भागात त्या पोराने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. समोरच्या यंत्रातही आपल्यासारखंच कोणीतरी घाबरून बसलंय हे त्याला दिसलं, आणि उगारलेला हात वरच थांबला. सगुणने चहाचा कप खाली ठेवला आणि तो उचलायचं विसरला.

नंतर सेजलने दुसरी मालिका लावली. तिच्यात दर भागाला नवं यंत्र, आधीच्यापेक्षा उंच, आधीच्यापेक्षा जास्त हत्यारं. सगुण थोड्याच वेळात घोरायला लागला.

"झोपलास काय, आजो?"

"अगो, ह्यात लोखंड वाढता, माणूस आसा तितकोच ऱ्हवता. कोणासाठी जागो ऱ्हवू?"

सेजल हसली. "तेच तर मी मैत्रिणींना सांगून दमले. रोबो बघायला एकदा येतात सगळे. परत येतात ते आतल्या मुलासाठी. तो काल होता तसाच आज असेल, तर उद्या बघायचं काय?"

"म्हणजे दत्ताराम," सगुण म्हणाला, आणि ती हकिकत त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी सेजलने ती शेवटपर्यंत ऐकली.

दिवाळी जवळ आली तसा वाड्यावर नरकासुराचा सांगाडा उभा राहू लागला; नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री स्पर्धेत उभा करायचा आणि पहाटे जाळायचा. शेजारचा गौरेश, मोपाला विमानतळाच्या बांधकामावर वेल्डिंग करून आलेला, यंदा हलणारा नरकासुर करणार होता. लोखंडाची हाडं, वर गवत आणि कागद, हातांना भंगारातले हायड्रॉलिक. चार खटके पोटात. ते चालवायला माणूस हवा, म्हणून गौरेश सगुणकडे आला. सगुण चपला घालायचं विसरून त्याच्यामागे निघाला.

पण गौरेशने आधीच बजावलं. "सगुणकाका, तीनदा हात वर, एकदा मान, मग आवाज. बस. तुमच्या हकिकती आत नकोत. जमलं नाय तर टायमर आणून ठेवलाय. पुढच्या वर्षापासून बटण दाबलं की झालं."

त्याने खोकं उघडून दाखवलं. हाताच्या पंजाएवढा डबा. सगुणने तो उलटासुलटा करून पाहिला आणि जपून परत दिला. त्या दिवशी जेवताना त्याने एकही हकिकत सांगितली नाही. विनोदिनीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

सेजलने गौरेशला सांगून पाहिलं की गेल्या वर्षी लोक नरकासुराचा फोटो काढून लगेच पुढे गेले, यंदा त्याला काहीतरी गोष्ट हवी. "राक्षसाला कसली गोष्ट?" गौरेश म्हणाला. "तू पुठ्ठे चिकटव." आणि नरकासुराची उंची आणखी वाढली.

या सगळ्यात कृष्ण शोधायचा राहिला. दरवर्षी तो असाच राहतो. नरकासुरावर महिनाभर पोरं राबतात, आणि ज्याने त्याला मारायचं तो कृष्ण ऐन वेळी कुठल्यातरी ओट्यावरून उचलून आणतात, निळा रंग फासतात, मोरपीस खोचतात. यंदा गौरेशचा भाचा साईश सापडला, अजून दुधाचे दात न पडलेला. त्याने नरकासुर पाहिला होता तो तुकड्यातुकड्यांनी, हात इकडे, डोकं तिकडे. अख्खा उभा कधीच नाही.

स्पर्धेच्या मैदानात दिवे लागताच यांच्या वाड्याची पाळी आली. सगुण पोटात बसला. समोर कागदात एक भोक होतं, त्यातून मैदान दिसत होतं. त्याने ठरल्याप्रमाणे हात वर केले. लोकांनी मोबाईल काढले, फोटो घेतले, काही जण वळायलाही लागले. तेवढ्यात पुठ्ठ्याचं सुदर्शन घेऊन साईश पुढे आला, वर बघितलं आणि जागीच उभा राहिला. मग त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

"चक्र मार रे," बाजूने गौरेश दबक्या आवाजात म्हणाला. साईश हलेना. "काका, दुसऱ्यांदा हात वर. आवाज काढा."

सगुणला भोकातून ते मिटलेले डोळे दिसत होते. तिथून बाजूला सेजल दिसत होती, हातात डिंकाची बाटली तशीच. त्याला कळत होतं की आत्ता हात वर केला नाही तर पुढच्या वर्षी या जागी तो डबा बसेल. त्याने हात खटक्यावर ठेवला आणि खाली ओढला.

नरकासुराचा तो अजस्र हात हळूहळू, कुठेही धक्का न देता, खाली येऊ लागला. वळलेली माणसं परत फिरली. हात साईशपासून जरा अंतरावर जमिनीला टेकला, पंजा वर करून. मग मान खाली झुकली. खरीखुरी, एखाद्या थोराने पोराशी बोलायला वाकावं तशी. आणि सगुण थांबला. खाणीवर बकेट टेकवून माणसं जाईपर्यंत थांबायचा, तसा.

साईशने एक डोळा उघडला. मग दुसरा. एक पाऊल पुढे आला, त्या कागदी बोटाला हात लावला, आणि मागे वळून मामाला म्हणाला, "ह्यो चावणा नाय."

सगळं मैदान हसलं. साईशही हसला. मग त्याला आपलं काम आठवलं. तो चार पावलं मागे गेला, नरकासुराकडे बघून म्हणाला, "आता मारतंय हां," आणि चक्र फेकलं. ते लागलं गुडघ्याला. सगुणने नरकासुराचा हात गुडघ्याकडे नेला, मान हलवली आणि सावकाश सगळं खाली सोडलं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बक्षीस मिळालं नाही. वेळ जास्त घेतला म्हणून गुण कापले. गौरेश परतताना टेंपोत तोंड फिरवून बसला. सगुणही पुढे रस्त्याकडे बघत बसला.

पहाटे वाड्यावर लोखंड आणि हायड्रॉलिक सोडवून नरकासुर पेटवला, तेव्हा साईश मोठ्याने रडला. "त्येका जाळू नका, तो बरो आसा." त्याला समजावता समजावता त्याच्या आजीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि राक्षसासाठी कोण रडतं म्हणून तीच स्वतःला हसली.

अभ्यंगस्नान झालं, पायाखाली कारीट फोडून झालं, आणि सगुण ओसरीवर दुधातले पोहे खात बसला होता. गौरेश आला. काखेत ते टायमरचं खोकं. तो पायरीशीच उभा राहिला.

"काय रे? पोहे खा," विनोदिनी म्हणाली.

"काका," गौरेश म्हणाला, "सकाळपासून पोरं विचारतायत, पुढच्या वर्षी तो वाकतलो मां? मी काय सांगू?" मग खोकं पुढे केलं. "आणि ह्याचं काय करू?"

सगुणने घास गिळला. आतल्या दारात सेजल उभी होती, तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या पंपाक लाव," तो म्हणाला. "माडांक पाणी सोडूक बरो. माडाक कोण चालवता त्येचा काय पडला नाय." मग पोह्यांची वाटी बाजूला ठेवून कदेल जरा पुढे ओढलं. "बस हंय. आमच्या खाणीर एक दत्ताराम होतो..."

गौरेश खाली बसला.