भिंतीवरून वाढलेली भाकर

सांगू की नको, असं मनात चाललं होतं. पण दारव्ह्याच्या बाजारातही बाया हसून विचारायला लागल्या, तेव्हा म्हटलं, माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसरे तिखटमीठ लावतात!

आमच्या घरामागची भिंत अन् शाळेची भिंत एकच. मी काही मुद्दाम डोकावत नाही बरं. भिंतीशी एक घमेलं पालथं ठेवलंय खरं, पण ते आपलं... असो.

त्या दिवशी शाळेत खिचडीची पंगत बसली होती. सगळी लेकरं जेवत होती, अन् तांड्यावरची पायल, दिवाळीनंतर नवीन आलेली, एकटीच भिंतीशी उभी. हातात ताट नाही. तोंड एवढंसं.

 तांड्यावरची म्हणून हिला मागं ठेवलं? आमच्या गावात?

"काहून वं पोरी, तुले नाही वाढलं?"

"मी मागून जेवीन जी काकू. सगळ्यायच्या बाद."

सगळ्यांच्या बाद! ऐकलंत? डोकंच फिरलं माझं. घरात गेले, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेतला अन् पुन्हा घमेल्यावर चढले.

"घे, खाय!"

"नको जी, आज माही..."

"मोठ्या माणसाचं ऐकत जा. आ कर!"

घास मीच कोंबला. पोरगी वळणाची, थुंकणार कशी? चावला बिचारीनं, अन् डोळे भरून आले.

आता लेकराच्या डोळ्यात पाणी पाहिल्यावर मी थांबते होय? पदर खोचला, वाटेत दोन बाया सोबत घेतल्या अन् फाटकातून थेट पंगतीत.

"बाई! लेकरायत भेदभाव करता?"

शाळेच्या बाईंच्या हातात खिचडीचा डाव. "कसला भेदभाव, काकू?"

"सारे जेवून राह्यले अन् हे पोरगी उपाशी! पाहा, रडून राह्यली!"

बाई पायलजवळ गेल्या. "काय झालं बेटा?"

"मॅडम, माही बारी गेली," ती हुंदका देत म्हणाली. "काकूनं मले पयले जेवू घातलं."

 हनुवटीला खिचडी लागलेला एक टिल्लू पोरगा मला समजावायला लागला. "काकू, आज पायल घरधनीन हाय. तुमच्या घरी पाहुने आले की तुम्ही पयले जेवता काय?"

घ्या!

तर प्रकार असा. रोज पाळीपाळीनं एक लेकरू पंगतीचं घरधनी. सकाळी तांदूळ त्यानंच मोजायचे, शाळेच्या वाफ्यातला सांभार, म्हणजे कोथिंबीर, खुडून खिचडीवर टाकायचा, एकेकाला "पोट भरलं का?" विचारायचं अन् सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. आधी जेवलं तर बारी गेली. पायलची ही पहिलीच बारी. सांभारही तिनंच पेरलेला. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, सकाळी उठून लाल रिबिनी बांधून दिल्या होत्या. त्या रिबिनी मला आत्ता दिसल्या. भिंतीवरून फक्त एवढंसं तोंड दिसलं होतं.

मागं वळून पाहते तर सोबतच्या दोन्ही बाया गायब!

"बाई, चुकलं माझं. तिची बारी कायले घालवता?"

"नियम लेकरांनी केलाय, काकू. त्यांनाच विचारा."

आता आली का पंचाईत? माझ्या नातवाएवढ्या लेकरांपुढं मी हात जोडून उभी! त्यांची कुजबुज झाली. मग तोच टिल्लू उठला. "तो घास भिंतीवरचा होता, पंगतीतला नाही. अन् काकू तं अजून जेवल्याच नाही. मंग पंगत सरली कुठं?"

पायलनं डोळे पुसले अन् धावत ताट आणलं. गुडघे धरत धरत मी बसले पंगतीच्या टोकाला. तिनं वाढलं, वरून सांभार टाकला अन् समोर उभी राहिली, अगदी घरच्या मोठ्या बाईसारखी.

"काकू, पोट भरलं का?"

"भरलं वं माय."

"मंग ताटात सांभार काहून ठेवला?"

मुकाट्यानं देठासकट खाल्ला. तेव्हा कुठं ती स्वतःचं ताट घेऊन माझ्या शेजारी टेकली. दोन घास गेल्यावर हळूच म्हणते, "काकू, बारीचं रडू होतंच. पन तुमचा ठेचाबी लय तिखट होता जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीपाशी होते. कपडे वाळत घालायला हो! खांबाशी एक पोरगं रिकाम्या हातानं उभं होतं. मी घमेल्यावर पाय ठेवते न ठेवते तोच पलीकडून पायलचा आवाज आला.

"काकू, आज त्याची बारी हाय. तुम्ही खुशाल कपडे वाळू घाला!"