भिंतीवरची पुराची रेघ

सांगलीत नदीकाठच्या आमच्या घराच्या भिंतीवर मागच्या मोठ्या पुराची रेघ ओढलेली आहे. पाणी तिच्यावर चढत नाही, असं आम्ही शपथेवर सांगायचो. कुठल्या गाढवानं ठरवलं होतं, देव जाणे!

यंदा पाणी अंगणात शिरलं तेव्हा दोन टेबलं रचून पणजोबांची शिसवी खुर्ची मी रेघेच्या वीतभर वर ठेवली, आणि आम्ही बोटीतून निघालो. खुर्चीच्या हातांवर वेली कोरलेल्या. बैठकीवरचा मोर आईनं नवी नवरी असताना रेशमी दोऱ्यानं भरलेला.

परतलो तर खुर्ची चिखलात पालथी. मी वेड्यासारखा बादल्या ओतत, घासत सुटलो. वेली दिसू लागल्या, पण मोराचे कुजलेले दोरे चिखलाबरोबर हातात येत होते. आईला आता सुईत दोरा ओवायलाही दिसत नाही. तरी मला थांबवेना. शेवटी तिनंच माझं मनगट धरलं.

मग मी कोळसा घेऊन नव्या पाण्याची रेघ ओढायला भिंतीकडे गेलो.

"वडू नगंस रं," आई म्हणाली. "पुढच्या टायमाला परत तिच्यावरच भरवसा ठिवशील."